सामाईक भिंत

आमच्या घरी टीव्ही आला शहाऐंशी साली. टीव्हीची जागा मात्र ब्याऐंशीतच निघाली होती. आमच्या ह्यांची नजर अशी लांबची. जवळचं तेवढं दिसत नाही.

ह्यांचं नाव टेकचंद. पवनीला एका सरकारी कचेरीत कारकून. रोज आसगावहून सायकलनं जात आणि सायकलनं येत. घरात मी म्हणजे निर्मला, आणि आमची मुलगी बेबी. भिंतीपलीकडे ह्यांचे मोठे भाऊ भय्याजी आणि त्यांची बायको चंद्रभागाबाई, म्हणजे माझी मोठी जाऊ. आधी सगळं एकच घर होतं. सासरे गेले आणि दोघा भावांची बैलांच्या एका जुवावरून जुंपली. जू होतं एक, आणि दोघांनाही तेच पाहिजे होतं. शेवटी जू कोणालाच मिळालं नाही, पण वाटणी झाली. शेत वाटलं, भांडी वाटली आणि घर आढ्यापासून उभं कापलं, काकडी कापतात तसं.

आमच्या वाट्याला साडेनऊ फूट रुंद आणि अठ्ठावीस फूट लांब असा तुकडा आला. मधली भिंत मातीची, चांगली दोन फूट जाड. ती वाटणीपत्रात 'सामाईक' लिहिली, अर्धी ह्यांची, अर्धी त्यांची. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. गावातल्या लोकांनी समजूत काढली, चहा पाजला, आणि चहा पिऊन दोघे वेगवेगळ्या वाटेनं घरी आले.

भय्याजी माझे भासरे. आमच्याकडे नवऱ्याच्या मोठ्या भावाला भासरा म्हणतात, आणि त्याच्यासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं यायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. आलंच तर पदर नाकापर्यंत. त्यानंही ती असेल त्या खोलीत खोकल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. खोकला ऐकला की आपण उठून आत जायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण मी भासऱ्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. खोकला मात्र भर बाजारात ओळखला असता.

आता माझ्या मशीनचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. माझ्या बाबांनी दिघोरीहून लग्नात मला पायाची शिवणमशीन दिली होती. पवनीत मी शिवणाचा क्लास केलेला होता. मशीन आमच्या ओसरीवर असायची. तिथं सकाळपासून उजेड. आसगावच्या निम्म्या बायांचे ब्लाऊज आणि पोरींचे फ्रॉक त्या ओसरीवर शिवले गेले. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा भरते, तिच्या आधी तर मला जेवायला उसंत नसायची. मशीनवर बसलं की मला वाटायचं, या घरात ही एवढी जागा माझी आहे. बाकी कुठं बसलं तरी कोणीतरी म्हणायचं, जरा सरक.

ह्यांच्या साहेबाच्या क्वार्टरात एकदा पूजा होती. तिथून हे आले ते डोळे मोठे करूनच. मला म्हणाले, "निर्मला, साहेबाच्या घरी भित्तीतच कपाट हाये. भित्तीतच! जागा कशी वाचवा लागते थे शिकून घ्या म्हणते साहेब."

दुसऱ्या दिवशी कचेरीतली टेप घरी आली आणि मोजणी सुरू झाली. दार मोजलं, धानाच्या पोत्यांची थप्पी मोजली, रांजण मोजला. बेबीला भिंतीला उभं करून मोजलं. मग चुलीजवळ येऊन मला विचारलं, "स्वयंपाक कराले तुले किती जागा लागते?"

"बसते तेवढी," मी म्हटलं.

त्यांनी टेप माझ्या पाठीमागे धरली आणि म्हणाले, "दीड फूट."

झालं. माझी दोन तोंडांची चूल मोडून एका तोंडाची झाली. भात उतरला की भाजी चढवायची, भाजी उतरली की चहा, आणि चहाला उशीर का झाला म्हणून पुन्हा मलाच विचारायचं. पाटा-वरवंटा वळचणीखाली गेला. पाण्याचे पितळी गुंड एकावर एक चढले, तळातला काढायचा तर सगळी उतरंड हलवायची. एक बाज भिंतीला कड्या ठोकून अशी बसवली की दिवसा वर उचलून साखळीनं अडकवायची. ती साखळी एकदा निसटली आणि बाज पवनीहून आलेल्या पाहुण्याच्या खांद्यावर उघडली. त्या पाहुण्यानं नंतर आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही. हे म्हणाले, "कडी कच्ची होती, आयडिया पक्की हाये."

आणि ओसरी? ओसरीला बांबूच्या तट्ट्या लावल्या, वर माती लिंपली आणि तिची झाली बैठक. बैठकीत सुताराकडून करून घेतलेला सोफा आला. सोफ्यावर बसायला येणारं कोणी नव्हतं, पण येईल तो उभा राहायला नको. मशीन तिथून उठली. आधी ती मधल्या खोलीत दाराआड गेली. दार अर्धंच उघडायला लागलं म्हणून स्वयंपाकघरात आली. तिथं माझ्या दीड फुटात ती मावेना, म्हणून तिची रवानगी गोठ्यात झाली.

मी म्हटलं, "गोठ्यात मशीन ठेवते का कोणी?"

"पोतं टाक ना तिच्यावर," हे म्हणाले. "काही दिवसाची गोष्ट हाये. मंग करू तिची सोय."

काही दिवसांचे चार महिने झाले. मशीनच्या खणात कोंबडी अंडी घालायला लागली. पट्टा आखडला, सुई गंजली. मी गाईच्या शेपटीचे फटके खात गोठ्यात बसून शिवायचा प्रयत्न केला. दारातून उजेड यायचा तोही गाईच्या पोटाखालून. जाऊबाईंनी मागच्या कुंपणावरून गुपचूप एक ब्लाऊजचा कपडा दिला होता, हिरवा, चांगला. तो मी कापून मशीनवर ठेवला आणि दूध तापवायला आत गेले. परत येते तर वासरू त्याची बाही चघळत होतं. त्या दिवशी मी गोठ्यात बसून रडले. बाहीसाठी नाही. घरातल्या बाजेला जागा होती, न आलेल्या पाहुण्याला जागा होती, आणि माझ्या हाताच्या कामाला गाईशेजारी उभं केलं होतं, म्हणून रडले.

मंडई महिन्यावर आली होती. आठ बायांचे कपडे माझ्याकडे येऊन पडले होते. मी ह्यांना म्हटलं, "मले मशीनले जागा पाह्यजे. तीन फूट. बस तीन फूट, आन् उजेड."

हे म्हणाले, "आता भित्तीचं काम काढून राहिलो. थे झालं का पाहू."

भिंतीचं काम म्हणजे तीच, सामाईक भिंत. घराचं छप्पर लाकडी खांबांवर उभं होतं, भिंत नुसता आडोसा. दोन खांबांच्या मधे साडेतीन फुटांचा एकच मोकळा गाळा होता. त्या गाळ्यात भिंत कोरायची, जमिनीपासून छातीपर्यंत. खाली चपला, वर टीव्ही.

"कोणता टीव्ही?" मी विचारलं.

"येईल थो."

त्यासाठी आमचा गवंडी नत्थू दर रविवारी यायचा. ह्यांनी हिशेब पक्का केला होता. भिंत चोवीस इंच, अर्धी आपली, म्हणजे बारा इंच कोरायची, एक इंच जास्त नाही. हे टेप घेऊन नत्थूच्या डोक्यावर उभे राहायचे. "कायद्यानं बारा म्हणजे बारा," असं दर दहा मिनिटांनी म्हणायचे. भावाचा एक इंच घ्यायचा नाही आणि आपला एक सोडायचा नाही, इतके हे न्यायी.

आठवडाभर हे कचेरीत असायचे. तेव्हा घर शांत असायचं. मंगळवारी मी तांदूळ निवडत बसले होते, तर भिंतीतून खर्र खर्र आवाज आला. बुधवारी पुन्हा. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, "अजी, तिकडूनही कोणी खरवडून राहिलं भित्तीले."

"घूस असंल."

"धपधप बी येते."

"मोठी घूस असंल. तुले काय समजते बांधकामातलं?"

बांधकामातलं मला समजत नव्हतं हे खरं. म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मागच्या कुंपणापाशी जाऊबाई भेटल्या. मी विचारलं, "बाई, तुमच्याकडे घूस लागली का?"

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "लागली ना वं. धोतर घातलेली घूस हाये. सब्बल घेऊन बसते दिवसभर. त्यानं आपली अर्धी कोरली तं मी माही अर्धी काहून सोडू, म्हणते."

"काय ठेवणार हायेत तिथं?"

"काही नाही. आमच्याकडे ठेवाले हाये काय? पण अर्धी आपली हाये ना!"

दोघींच्याही मनात एकच आलं असणार. इकडून अर्धी गेली आणि तिकडून अर्धी गेली, तर मधे राहतं काय? हे गणित बेबीलाही आलं असतं, ती पहिलीत होती. त्या म्हणाल्या, "सांगू का यांहिले?" मी म्हटलं, "मी सांगतलं एकदा. मले बांधकामातलं समजत नाही म्हणते." मग त्याही गप्प बसल्या. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधीचा रविवार. नत्थूनं सकाळी काम सुरू केलं. हे शेजारी टेप घेऊन. अकरा इंच झाले, साडेअकरा झाले. नत्थू म्हणाला, "टेकचंदभाऊ, माती पोकळ वाजून राहिली."

"मार तू. अर्धा इंच बाकी हाये."

नत्थूनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मारली आणि ती त्याच्या हातातून निघून गेली. म्हणजे पलीकडे गेली. मग पलीकडून कोणीतरी "अगं आई वं" म्हणालं, मातीची एक मोठी ढेप इकडे आणि एक तिकडे पडली, आणि धूळ खाली बसल्यावर भोकातून भासऱ्यांचा चेहरा दिसला. ते आपल्या कपाटात मांडी घालून बसले होते. मिशीवर माती, मांडीवर आमची सब्बल. मी पदर ओढला, पण नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंड नीट पाहून घेतलं. ह्यांच्यासारखंच होतं, फक्त वयस्कर.

तीन वर्षांनी दोघे भाऊ बोलले. भय्याजी म्हणाले, "माह्या हिश्शात काहून घुसला बे?"

हे म्हणाले, "मी बारा इंच आलो. मोज. तूच आला माह्याकडे."

"मी माह्या हक्काइतकंच कोरलं!"

मग मोजणी झाली. हे टेपनं मोजत, ते वितीनं. भय्याजींचा हिशेब वेगळाच निघाला. त्यांच्या बाजूनं दर दिवाळीला जाऊबाई भिंतीची छबाई करत, म्हणजे तिला मातीचा थर देत आल्या होत्या. थरावर थर चढून चार बोटं जाडी वाढली होती. भय्याजी म्हणाले, "थे चार बोटं माह्या बायकोच्या हातची हाये. थे आधी माही. मंग बाकीच्या भित्तीतली अर्धी माही."

"वा रे वा! वाढली तरी भित्त सामाईक हाये. लिहून हाये कागदावर!"

"कागदावर छबाईचं लिहून नाही!"

असं अर्धा तास चाललं. नत्थू खाली बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "अर्धी यांहिची, अर्धी त्यांहिची. मंग भित्त कोनाची होती?" साडेतीन फूट रुंद आणि छातीइतकं उंच भोक घराच्या मधोमध उघडं पडलं होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन भाऊ आपापला हक्क पूर्ण घेऊन उभे होते.

बुजवायचं कोणी, यावरून पुन्हा जुंपली. ज्यानं बुजवलं त्यानं चूक कबूल केली असं होणार होतं. शेवटी पंच बसवायचे ठरलं. पंच म्हणाले, लवकर येणारा हलका धान कापणीला आला आहे, आठ दिवस कोणी भोकाला हात लावू नका. भोकावर आमच्याकडून चादर आणि त्यांच्याकडून पोतं लटकलं. हे सोमवारी सायकल काढून पवनीला गेले, भय्याजी विळा घेऊन धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात गेले.

मी स्वयंपाक आटोपून ती चादर बाजूला केली. पलीकडचं पोतं जाऊबाईंनी आधीच वर बांधलेलं होतं. त्यांच्याकडे उगवतीला खिडकी आहे. त्या खिडकीतून ऊन सरळ भोकात उतरलं होतं, आणि बरोबर तेवढ्याच जागेत, त्या दोन फूट जाड भिंतीच्या पोटात, लख्ख उजेड पडला होता. तीन फूट आणि उजेड. मी मागितलं होतं तेवढंच.

मी म्हटलं, "बाई, जरा हात लावाले येता का?"

जाऊबाई भोकातूनच आल्या. आम्ही दोघींनी गोठ्यातून मशीन ओढत आणली. कोंबडीची दोन अंडी खणात होती, त्यातलं एक त्यांना दिलं, एक मी ठेवलं. मशीन पुसली, तेल घातलं, सुई बदलली. मग ती गाळ्यात बसवली. इकडे चार बोटं बाकी, तिकडे तीन. एकाही घरात ती शिरली नव्हती. मी माझ्या बाजूनं बसून पाय चालवले, जाऊबाई त्यांच्या बाजूनं बसून हातशिलाई आणि काजं करायला लागल्या. संध्याकाळपर्यंत दोन ब्लाऊज झाले. त्यात एक हिरवा होता, नव्या बाहीचा.

उन्हं कलल्यावर पलीकडे खोकला ऐकू आला. नेहमीसारखा, दारातून. पंचांचं ऐकतील ते भय्याजी कसले. खांद्यावर कुदळ आणि हातात मातीचं घमेलं घेऊन आले होते. रात्रीतून बुजवून टाकायचं आणि सकाळी म्हणायचं, भिंत तर आहे. मी पदर पुढे ओढला, पण उठले नाही. आजपर्यंत खोकला ऐकला आणि मी उठले नाही असं कधी झालं नव्हतं.

भय्याजी उंबऱ्यावरच थांबले. पुन्हा खोकले. मी पाय चालवत राहिले. ते आत येऊ शकत नव्हते. मला बोलू शकत नव्हते. बायकोला म्हणाले, "तिले म्हणा उठाले."

जाऊबाई काज करता करता म्हणाल्या, "मी काहून म्हणू? तुम्हीच म्हणा."

आता भासरा भावाच्या बायकोला कसं म्हणणार? गाव काय म्हणेल? रीत त्यांचीच होती, वाडवडिलांपासूनची, आणि मी ती बोटभरही मोडली नव्हती. डोक्यावर पदर होता, तोंडातून शब्द नव्हता. भय्याजी आणखी दोनदा खोकले, घमेलं घेऊन मागे सरकले आणि स्वतःच्याच घराबाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग हे आले. सायकल लावली, आत आले, आणि ओरडले, "हे काय? इथं टीव्हीची जागा हाये!"

"टीव्ही आला का?" मी विचारलं.

"येईल ना!"

"येईल तवा पाहू. मशीन आलेली हाये. नऊ वर्षं झाले येऊन."

"पंचाहिनं हात नोको लावा म्हणून सांगतलं!"

"म्या भोकाले हात नाही लावला. मशीन ठेवली. मोजून पाहा, तुमच्या हिश्शात किती हाये आन् त्यांच्या किती." मी पाय थांबवला. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, पण मी बोलले. "चार महिन्यापासून जागा वाचवून राहिले तुम्ही. कोणाची वाचवली? चूल माही गेली. ओसरी माही गेली. पाटा माहा भायेर गेला. तुमचं काय कमी झालं सांगा? एक फूट सांगा. मी या जागेवरून आता उठत नाही."

बेबी सोफ्यावर बसून बघत होती. ह्यांनी टेप काढली. खरंच काढली. मशीनची रुंदी मोजली, भिंतीची जाडी मोजली, काहीतरी पुटपुटले, आणि टेप गुंडाळून खिशात ठेवली. त्या दिवशी बैठकीत जाऊन एकटेच सोफ्यावर बसून जेवले.

पंच आले ते मंडई झाल्यावर. आमच्या बाजूनं पाहायला आले तर मी बसलेली, पदर नाकापर्यंत. पलीकडून पाहायला गेले तरी भोकातून समोर मीच. ते सगळे नात्यानं भासरे आणि सासरे, त्यांनाही खोकूनच परतावं लागलं. एका पंचाच्या बायकोचा ब्लाऊज तेव्हा माझ्या हातात होता. उन्हाळी धान निघाल्यावर पाहू, असं ठरलं. त्यानंतर किती उन्हाळे गेले.

पुढे साहेब एकदा आमच्याकडे आले. ह्यांनी त्यांना हात लांब करून दाखवलं, "भित्तीतच मशीन बसवली, साहेब. दोन्ही घरची जागा वाचली. माही आयडिया होय." साहेब वा वा म्हणाले. मी मशीन जरा जोरात चालवली, तेवढंच.

आणि शहाऐंशीत खरोखर टीव्ही आला. त्याला जागा नव्हती. सोफ्यावर ठेवला तर बसायचं कुठं, चुलीजवळ ठेवला तर धूर. शेवटी तो धानाच्या पोत्यांवर चढला, आढ्याला टेकून, आणि हे मान वर करून बघतात. तिथून तो पलीकडूनही चांगला दिसतो, माझ्या मशीनच्या वरून, भोकातून. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की भासरे त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. मी मशीनवर असले की त्यांना आत येता येत नाही.

मग ते खोकतात. इकडे हे म्हणतात, "निर्मला, मशीन बंद कर ना वं, आयकू येत नाही." तिकडे पुन्हा खोकला. एवढी वर्षं खोकला ऐकून मीच उठत आले. आता मी म्हणते, थांबा, एवढी बाही होऊ द्या. आणि होईपर्यंत दोघेही थांबतात.